युरोपात गाडीने फिरताना साखळी हॉटेलांतला मुक्काम: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

फ्रँकफर्टला गाडी भाड्याने घ्यायची, स्ट्रासबर्ग, स्वित्झर्लंड, व्हेनिस, इन्सब्रुक, म्युनिक असा फेरा मारायचा आणि फ्रँकफर्टलाच परत करायची, असा आमचा पंधरा दिवसांचा बेत होता. आम्ही चौघं: मी, नवरा, दहा वर्षांचा लेक आणि सत्तरीच्या सासूबाई. सुरुवातीला मी घरी सोफ्यावर बसून जुन्या गावांच्या मधोमध असलेली, खिडकीत फुलांच्या कुंड्या असलेली हॉटेलं बुक केली होती. मग एकेकाचं पार्किंग कुठे आहे ते बघायला लागले आणि एकेक रद्द करत गेले. शेवटी चौदापैकी बारा रात्री हमरस्त्याच्या कडेच्या स्वस्त साखळी हॉटेलांत काढल्या. या हॉटेलांची स्वतःची एक रीत असते. ती माहीत असली की मुक्काम अगदी सोपा. नसली की रात्री अकरा वाजता बंद काचेच्या दारासमोर उभं राहून एकमेकांवर चिडायची वेळ येते. आमच्यावर आली होती, म्हणून हे लिहून ठेवतेय.

१. आधी साखळ्या ओळखा

सगळी स्वस्त हॉटेलं एकसारखी नसतात. नावावरून साधारण काय मिळेल ते कळतं.

आयबिस बजेट ही अकोर कंपनीची साखळी. पूर्वी तिचं नाव एताप होतं, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी युरोप फिरून आलेला एखादा मामा 'एताप' म्हणाला तर तो हेच म्हणतोय. त्याच घराण्यातलं 'एफ-वन' त्याहून स्वस्त, मुख्यतः फ्रान्समध्ये. पण तिथे बहुतेक खोल्यांना संडास-बाथरूम बाहेर, पॅसेजमध्ये, सगळ्यांना मिळून असतं. सासूबाई बरोबर होत्या, त्यामुळे आम्ही त्या वाटेला गेलो नाही. नुसती मित्रमंडळी असाल तर हरकत नाही.

बी अँड बी हॉटेल्स ही १९९० मध्ये फ्रान्सच्या ब्रेस्त शहरात सुरू झालेली साखळी. आता जर्मनी, इटली, स्पेनमध्येही आहे. बाथरूम खोलीतच, आणि बऱ्याच ठिकाणी चौघांची कौटुंबिक खोली मिळते. आम्हाला हीच सगळ्यात सोयीची वाटली. मात्र शोधताना जपून. इटलीत 'बी अँड बी' असं शोधलंत की लोकांच्या घरातल्या शेकडो खोल्या समोर येतात, त्यांचा या साखळीशी काही संबंध नसतो. जिन्याने तिसरा मजला आणि किल्लीसाठी मालकाला फोन, असा तो प्रकार असतो.

प्रीमिएर क्लास आणि काँपानिल ही दोन्ही लूव्र हॉटेल्सची. पहिलं अगदी साधं, दुसरं एक पायरी वरचं आणि बहुधा स्वतःचं रेस्तराँ असलेलं. जर्मनीतलं मोटेल वन दिसायला देखणं, पण ते गावाच्या आत, स्टेशनजवळ असतं. गाडीवाल्या कुटुंबाच्या ते फारसं कामाचं नाही. ब्रिटनमध्ये जाणार असाल तर प्रीमियर इन आणि ट्रॅव्हलॉज बघा. तिथे खोलीत किटली असते. हे वाक्य आत्ता क्षुल्लक वाटेल, सहाव्या मुद्द्यापर्यंत वाचा.

२. गाव बघू नका, एक्झिट बघा

या सगळ्या प्रकरणातली खरी किल्ली हीच. गाडीने फिरताना हॉटेल 'कोलमारमध्ये' (फ्रान्समधलं एक जुनं गाव) आहे की नाही याला महत्त्व नाही. महामार्गाच्या कितव्या एक्झिटपासून किती मिनिटांवर आहे, गाडी दारात लागते का, आणि तिथून गावात जायला ट्राम किंवा लोकल आहे का, हे तीन प्रश्न विचारा.

स्ट्रासबर्गचंच उदाहरण घ्या. शहर फ्रान्समध्ये, पण ऱ्हाईन नदी ओलांडली की पलीकडे जर्मनीतलं केल हे छोटं गाव. २०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्राम थेट केलपर्यंत येते. आम्ही केलला राहिलो, गाडी हॉटेलच्या आवारात सोडली आणि ट्रामने पूल ओलांडून कॅथीड्रल बघायला गेलो. नदीवरून जाताना सासूबाईंनी विचारलं, "आता आपण कुठल्या देशात आहोत?" सांगेपर्यंत देश बदलला होता.

व्हेनिससाठी मेस्त्रे, म्हणजे अलीकडच्या मुख्य भूमीवरचं उपनगर. व्हेनिसच्या आत गाडी जातच नाही, बेटाच्या तोंडाशी असलेल्या पार्किंगचे दर ऐकून घाम फुटतो. मेस्त्रेहून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत सांता लुचिया स्टेशन, आणि बाहेर पडलात की समोर कालवाच. बाझेल बघायचं असेल तर सें लुई किंवा म्युलूज, जिनिव्हासाठी आनमास. ही सगळी फ्रान्सच्या हद्दीतली, म्हणून स्विस दरांतून सुटका.

नकाशावर बघताना हॉटेलच्या आजूबाजूला गोदामं, टायरची दुकानं, फर्निचरचं अवाढव्य दुकान दिसलं तर दचकू नका. ही हॉटेलं अशाच व्यापारी किंवा औद्योगिक वसाहतींत असतात. आपल्या डोळ्यांना 'एमआयडीसीत कुठे राहायचं' असं वाटतं, पण रात्री ती जागा शांत असते. आणि सकाळी पेट्रोल पंप, सुपरमार्केट, महामार्ग सगळं पाच मिनिटांत.

दोन सापळे आहेत. काही हॉटेलं महामार्गावरच्या विश्रांतिस्थळात असतात, तिथे एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्यांना शिरता येतं. तुम्ही कुठल्या बाजूने येणार ते आधी तपासा. दुसरं, गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये नुसता रस्त्याचा पत्ता घालू नका. 'उद्योग मार्ग' या अर्थाचा रस्ता फ्रान्समध्ये गावोगाव आहे, शेजारशेजारच्या दोन गावांतही सापडतो. हॉटेलचं पूर्ण नाव घाला किंवा नकाशावरचा बिंदू आधीच साठवून ठेवा.

३. बुकिंग आणि व्हिसा एकत्रच बघा

शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फाइलमध्ये प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. अर्ज करायचा तो ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथून शिरणार त्या देशाकडे. केलला राहण्याचा आम्हाला इथे असाही फायदा झाला. फिरलो फ्रान्समध्ये, पण त्या दोन रात्री जर्मनीच्या खात्यात पडल्या. एकूण जर्मनी सात, फ्रान्स तीन, इटली तीन, ऑस्ट्रिया एक, असा हिशेब होऊन अर्ज जर्मनीकडे गेला.

साखळ्यांच्या संकेतस्थळावर एकाच खोलीचे दोन दर दिसतात. स्वस्त दर परत न मिळणारा, थोडा महाग दर ऐनवेळेपर्यंत रद्द करता येणारा. व्हिसा हातात पडेपर्यंत दुसराच घ्या. थोडे युरो वाचवायला जाऊन अख्खा मुक्काम बुडण्यात काय हशील?

बुकिंगच्या पत्रावर बऱ्याचदा बुकिंग करणाऱ्याचंच नाव छापलं जातं. व्हिसासाठी सगळ्यांची नावं दिसायला हवीत, तेव्हा बुकिंग करतानाच सगळी भरा, पासपोर्टवर आहेत तशीच. आणि माणसं खरी तेवढीच सांगा. तिघांच्या खोलीत चौथा 'कोपऱ्यात झोपेल' हे तिकडे चालत नाही. आयबिस बजेटच्या खोलीत साधारणपणे एक मोठा पलंग आणि त्याच्यावर आडवा बंक (शिडीने चढायचा वरचा पलंग), म्हणजे तिघांची सोय. आम्ही चौघं असल्याने तिथे दोन खोल्या घ्याव्या लागल्या, आणि त्या शेजारीच मिळतील याची खात्री कोणी देत नाही.

४. बरोबर काय काय हवं

- पासपोर्ट, व्हिसा, किमान ३० हजार युरोंचं संरक्षण असलेला प्रवासविमा.
- मूळ लायसन्स आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. परिवहनच्या संकेतस्थळावरून अर्ज करून आपल्या आरटीओतूनच मिळतं, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स बरोबर नसेल तर त्याला काही किंमत नाही. खासगी संकेतस्थळं 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' म्हणून जे विकतात त्यावर पैसे घालवू नका.
- गाडी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड, पिन पाठ असलेलं. डेबिट कार्डावर अनामत घ्यायला गाडी भाड्याने देणारे बरेच गाडीवाले तयार नसतात. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू केलेत का ते बघा.
- गाडीच्या करारात तुम्ही जाणार त्या सगळ्या देशांची परवानगी.
- प्रत्येक हॉटेलच्या बुकिंगचा कागद. हो, कागद. फोनची बॅटरी नेमकी कधी संपते ते पुढे येईलच.

लहान मूल असेल तर आसनाचा नियम कडक आहे. जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर लागतो. गाडीवाल्याकडून घेतला तर रोजचं भाडं. आम्ही पहिल्याच दिवशी सुपरमार्केटमधून विकत घेतला, पंधरा दिवसांच्या भाड्यापेक्षा तो स्वस्त पडला.

५. पोचणं: इथेच सगळ्यांचं चुकतं

या हॉटेलांत रिसेप्शनवर चोवीस तास माणूस असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी रात्री नऊ-दहाच्या सुमाराला माणूस घरी जातो, काही ठिकाणी दुपारीही तासन्‌तास कोणी नसतं. मग दाराशेजारच्या भिंतीत बसवलेल्या यंत्रावर कामकाज चालतं. बुकिंगच्या पत्रात रिसेप्शनची वेळ लिहिलेली असते, ती वाचा आणि दिवसाचं सगळं वेळापत्रक तिच्यामागून आखा. शक्य तर सात-साडेसातला पोचा.

उशीर होणारच असेल तर यंत्राची पद्धत अशी:

आधी पडद्यावरचा इंग्रजीचा झेंडा शोधून भाषा बदला. मग बुकिंग क्रमांक आणि आडनाव घाला. पैसे द्यायचे राहिले असतील तर कार्ड घालून पिन द्या. यंत्र रुपयांत पैसे घेऊ का विचारेल, तेव्हा युरोच निवडा. रुपयांच्या सोयीचा दर कायम महाग असतो. शेवटी एक पावती बाहेर येते. तिच्यावर खोलीचा क्रमांक आणि आकडी कोड असतो. तोच कोड बाहेरच्या दाराला, तोच खोलीला, बहुधा आवाराच्या फाटकालाही. ही पावती म्हणजे तुमची किल्ली. लगेच फोनवर तिचा फोटो काढा, आणि दोन खोल्या असतील तर दोन्ही पावत्यांचा.

आता आमची गंमत. कोलमारला रमलो, रात्री पावणेअकराला पावसात हॉटेलला पोचलो. फोनची बॅटरी चार टक्के. रिसेप्शन अंधारात. नवऱ्याने यंत्रावर बुकिंग क्रमांक घातला: आरक्षण सापडलं नाही. पुन्हा घातला, तेच. तिसऱ्यांदा मी घातला, कारण तो शून्याच्या जागी ओ घालतोय अशी माझी खात्री होती. सासूबाई गाडीच्या काचेतून बघतायत, लेक झोपलेला. तेवढ्यात छपराखाली सिगारेट ओढत उभ्या असलेल्या एका ट्रकवाल्याने माझ्या हातातला ओला कागद मागितला, वरचं नाव वाचलं आणि न बोलता आवाराच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे त्याच साखळीचं दुसरं हॉटेल होतं, नावात एका शब्दाचा फरक. चूक आमचीच होती. एकाच आवारात एकाच कंपनीची दोन-तीन वेगवेगळ्या दर्जाची हॉटेलं असणं तिकडे अगदी नेहमीचं आहे. पाटीवरचं पूर्ण नाव वाचा, नुसता रंग बघून गाडी लावू नका.

उशीर होणार हे आधीच कळलं तर हॉटेलला फोन करून ठेवा. आणि पोचल्यावर शहर-कर मागितला तर फसवणूक समजू नका. तो माणशी, दर रात्रीचा असतो, आणि पुष्कळदा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. फ्रान्समध्ये १८ वर्षांखालच्यांना तो माफ आहे. इटलीत हा कर बऱ्याचदा रोख मागतात, थोडी चिल्लर ठेवा. पासपोर्ट मागून नोंद करणं ही तिथली कायदेशीर रीत आहे; फक्त तो परत घ्यायला विसरू नका.

६. खोलीत काय असतं, काय नसतं

पलंग, स्वच्छ चादर, टॉवेल, गरम पाणी, वायफाय, टीव्ही. झालं. किटली नाही, फ्रिज नाही, पंखा नाही, एसी असेलच असं नाही. काही खोल्यांत हात धुवायचं बेसिन पलंगाशेजारीच असतं आणि शॉवर म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात उभी केलेली प्लास्टिकची कपाटासारखी पेटी. सासूबाईंनी ती उघडून बघितली आणि म्हणाल्या, "यात आंघोळ करायची की कपडे टांगायचे?"

म्हणून घरून नेण्याच्या वस्तू: अर्ध्या लिटरची प्रवासी किटली, साबण, कंगवा वगैरे सगळं स्वतःचं, दोरी आणि चार चिमटे, आणि संडासासाठी एक प्लास्टिकचा छोटा मग. जेट स्प्रे विसरा. आपल्या दोन बारीक गोल पिनांचा चार्जर तिकडे चालतो, तीन पिनांचा चालत नाही. सॉकेट एक-दोनच असतात, त्यामुळे एक अॅडॉप्टर आणि त्याला लावायला छोटा एक्स्टेंशन बोर्ड न्या. चार फोन आणि एक कॅमेरा असलेल्या कुटुंबात त्यावरून भांडणं होतात.

बंकची शिडी उभी आणि अरुंद असते. वर मूलच झोपवा. वयस्कर माणसांसाठी बुकिंग करतानाच दोन वेगळ्या पलंगांची खोली मागा.

७. पोटापाण्याचं

हॉटेलचा नाश्ता माणशी सात ते दहा युरोंच्या आसपास: पाव, लोणी, जाम, सीरियल, दही, ज्यूस, यंत्रातली कॉफी, आणि बाजूला हॅम-सलामी. शाकाहाऱ्याचं भागतं, पण चौघांचे चाळीस युरो रोज कशाला? फ्रान्समध्ये जवळच्या बेकरीतून ताजा बगेत आणा, सुपरमार्केटचं दही आणि फळं, खोलीत चहा. ज्या दिवशी पहाटे उठून मोठी मजल मारायची असेल, त्याच दिवशी हॉटेलचा नाश्ता घ्या. शनिवार-रविवारी तो उशिरा सुरू होतो, तेवढं विचारून ठेवा.

किटलीतल्या गरम पाण्यावर होणारा तयार उपमा, दडपे पोहे, मेतकूट, खाकरे, गुळपापडी यांवर आमची रात्रीची निम्मी जेवणं झाली. खोलीत शिजवायला मात्र बंदी असते, धुराचा अलार्म छतालाच असतो, तेव्हा फोडणीचा मोह आवरा. आणि हे आधी कोणी सांगत नाही: भारतातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तुपाची बरणी घरीच. आमची गुळपापडी त्यामुळे तेलावरची होती. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

रविवारी जर्मनी आणि ऑस्ट्रियात सुपरमार्केटं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी खरेदी उरका. विसरलात तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं किंवा महामार्गावरचे पंप, तिथल्या महाग दरात.

८. दोन मुक्कामांच्या मधला रस्ता

जर्मनीत मोटारींना महामार्गावर टोल नाही. स्वित्झर्लंडला महामार्गाच्या टोलसाठी वर्षाचंच स्टिकर घ्यावं लागतं, ४० फ्रँक, मग तुम्ही दोन दिवस जा की दोनशे. आता ते गाडीच्या नंबरावर ऑनलाइनही मिळतं. ऑस्ट्रियात एक दिवसाचं, दहा दिवसांचं असं मिळतं, पण इटलीच्या वाटेवरच्या ब्रेनर खिंडीतल्या महामार्गाचा टोल त्याशिवाय वेगळा. जर्मनीत भाड्याने घेतलेल्या गाडीला ही स्टिकरं असतील असं धरून चालू नका. सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या, मधले दलाल वर पैसे लावतात.

फ्रान्स आणि इटलीत बहुतेक ठिकाणी आत शिरताना तिकीट, बाहेर पडताना पैसे. फ्रान्समध्ये नुसतं नारिंगी 't' चिन्ह असलेली आणि इटलीत पिवळी टेलिपासची रांग टाळा, ती टॅगवाल्यांची. इटली-स्वित्झर्लंडमध्ये महामार्गाच्या पाट्या हिरव्या आणि फ्रान्स-जर्मनीत निळ्या असतात. सीमा ओलांडली की डोळ्यांना एक दिवस गोंधळ होतो.

इटलीच्या जुन्या गावांत 'झेडटीएल' क्षेत्रं असतात: लाल कडेचा पांढरा गोल आणि वर कॅमेरा. परवानगी नसलेली गाडी आत गेली की दंड, आणि तो महिन्यांनी गाडीवाल्या कंपनीच्या शुल्कासकट घरी येतो. गावाबाहेरच्या हॉटेलात राहण्याचा हा आणखी एक फायदा, गाडी त्या भानगडीत शिरतच नाही.

गाडीत रात्री काही म्हणजे काही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा. आतली वस्तू दिसली की काच फुटते. चार बॅगा रोज उघडायचा-भरायचा कंटाळा येतो, म्हणून आम्ही प्रत्येक मुक्कामाची एक 'रात्रीची बॅग' वेगळी भरली आणि बाकीचं सामान दोन रात्रींच्या मुक्कामातच उलगडलं. पण खोलीत नेलं सगळंच.

९. निघताना

खोली रिकामी करायची वेळ साखळीप्रमाणे अकरा किंवा बारा. त्यानंतर कोड चालत नाही, त्यामुळे सामान आत ठेवून 'पाच मिनिटांत येतो' म्हणत बाहेर पडू नका. बिल हवं असेल तर रिसेप्शनवर माणूस असतानाच मागा. सॉकेट, शॉवरची पेटी आणि पलंगाखाली बघा. आणि कोणीतरी शिडी चढून वरच्या बंकच्या गादीमागे हात घाला. लेकाचा चार्जर आणि मेतकुटाची अर्धी बाटली मेस्त्रेच्या त्या फटीत अजून असेल.